बाबांना जेवू घालायची माझी पद्धत

वडीगोद्रीत हायवेला माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेलं चालू करून द्यायचं, हा धंदा. त्यामुळे घरातही मीच शहाणा. आमचे बाबा निवृत्त मास्तर. विसरण्याचा आजार वाढला तसे ते जेवताना ताट ढकलायचे, माझा हात झटकायचे. झोपेसाठी डॉक्टरांनी रात्री अर्धी गोळी सांगितली होती. मी माझ्या अकलेनं दुपारच्या जेवणाआधीही अर्धी सुरू केली.

पहिल्याच दिवशी बाबा उशीला टेकून, डोळे मिटून, वरणभाताचे घास मुकाट घेत गेले. दहा मिनिटांत वाटी रिकामी.

"बघ, पद्धत असते एकेक," मी बायकोला म्हणालो.

"ते गिळू राह्यले, का तुम्हीच नुसतं भरू राह्यले?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी छातीत घरघर आणि अंगात ताप. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "गोळी किती देता?"

"अर्धी," मी म्हणालो.

"दोनदा," बायको मागून म्हणाली. "आन् गुंगीत असताना जेवू घालतेत हे."

मॅडमनी छातीचा फोटो उजेडात धरला. "गुंगीत माणूस नीट गिळत नाही, त्याला ठसकाही लागत नाही. घास श्वासनळीत जातो. त्यानंच न्यूमोनिया झालाय. या वयात जिवावर बेततं."

पंपात गाळ जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकाला जाळी बसवायला बजावणारा मी. आणि बापाची ठसक्याची जाळी मीच काढून ठेवली होती.

आठ दिवस ऑक्सिजनवर काढून बाबा घरी आले. दुपारची गोळी बंद झाली, रात्रीचीही मॅडमनी कमी केली. आता पूर्ण जागे असतील तरच जेवण, तेही खुर्चीत ताठ बसवून, छोट्या चमच्यानं. नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दुकान दुपारी दोन तास बंद असतं. गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे.

काल चमचा पुढे केला तर बाबा म्हणाले, "कोण रे तू?"

"तुमचा पोरगा."

"मंग वर्गाबाहेर उभा राह्य."

राहिलो. पन्नाशीचा माणूस, हातात वाटी घेऊन, दाराबाहेर. जरा वेळानं आत डोकावलो. "येऊ का, बाबा?"

"ये. बस."

पहिल्याच घासाला खणखणीत ठसका लागला. वरण माझ्या शर्टावर. बायको धावत आली.

"राहू दे आता. उपाशी काय मरतेत का?"

"न्हाई. श्वास जाग्यावर येऊ दे, मंग देतो."

बाबांचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबलो. मग चमचा अर्धाच भरला.