खरकट्यावरून निवडलेलं होस्टेल

थांबा, बाकीचं सगळं नंतर... हे आधी सांगू द्या, नाहीतर माझ्याच्यानं राहवणार नाही. आमच्या दिनकर काकाजींची तेरवी होऊन महिना होत आला. त्या दिवशी मांडवात जो उठला तो एकच गोष्ट बोलला, की दिनकरभाऊची नजर आयुष्यात कधी चुकली नाही. त्यांचे दोस्त, तिगावचे वामनराव, तर हेच सांगता सांगता रडले. मी मागं बायकांमध्ये बसली होती आणि मला सारखं वाटून राहिलं होतं की उठावं आणि सांगावं, अहो, चुकली होती ना. चांगली सपशेल चुकली होती, माझ्याच बाबतीत, आणि वामनरावांना ते पक्कं माहीत आहे. पण तेरवीत असं कोण बोलते? म्हणून इथं लिहून राहिली. मला काकाजी आठवतात ते त्या चुकीपासूनच.

बातमी आली तेव्हा मी सौंसरला शाळेत होती, नववीला विज्ञान शिकवत होती. हेडमास्तर स्वतः वर्गाच्या दारात आले, तेव्हाच काय ते समजलं. आदल्या दिवशी काकाजी लोधीखेड्याकडचा एक बगीचा पाहून आले, जेवले, झोपले, आणि सकाळी उठले नाहीत. बस्स, एवढंच. घरी, पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये मला रडू आलं नाही. डोक्यात एकच चालू होतं, की त्या बगीचेवाल्याला आता हो का नाही ते कोण सांगणार...

काकाजी म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. बाबा शेती पाहायचे, काकाजी संत्र्याचे बगीचे घ्यायचे. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही दुसरीकडचे असाल तर सांगते. बगीचा घ्यायचा म्हणजे जमीन नाही, झाडावरचा माल घ्यायचा, तोही हिरवा असतानाच. सौदा झाला की मग गारपीट होवो, वारा येवो, माकडं येवोत, सगळं घेणाऱ्याच्या माथी. म्हणून सगळा खेळ नजरेचा. मालक तुम्हाला रस्त्याकडची लदबदलेली झाडं दाखवते. काकाजी तिकडं बघायचेच नाहीत. ते सरळ पार शेवटच्या ओळीत जायचे, जिथं पाणी उशिरा पोचते, आणि झाडाखाली उकिडवे बसायचे. वर नाही, खाली बघायचे. गळ किती झाली आहे, किती फळं मातीत पडली आहेत. मला लहानपणी म्हणायचे, "वर पाहून माणूस खुश होते बाई, खालतं पाहून शहाणा होते."

तर हायर सेकंडरी झाली आणि मी बी.एस्सी.चा हट्ट धरला. त्यासाठी नागपूर. घरी आठवडाभर तेच. बाबा म्हणायचे, अप-डाउन कर, गाडीचा पास काढून देतो, पांढुर्ण्यातले किती पोट्टे जातात. पण पोट्टे बी.कॉम.वाले होते. माझी प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालणार, गाडी चुकली की रात्र प्लॅटफॉर्मवर. अप-डाउन म्हणजे बी.एस्सी. नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. होस्टेल म्हटलं की बाबांचा चेहरा बदलायचा. आमच्या घरातली कोणतीच मुलगी लग्नाआधी दुसऱ्या छताखाली राहिली नव्हती. शेवटी काकाजी मधे पडले. मी स्वतः होस्टेल पाहून देतो, म्हणाले. मग बाबा तयार झाले, पण अट घातली. एक तक्रार कानावर आली की बिस्तरा गुंडाळून घरी.

काकाजी मला घेऊन नागपूरला गेले. युनिव्हर्सिटीच्या आसपास मुलींची तीन होस्टेलं पाहायची होती. आता बघा, मुलींच्या होस्टेलात पुरुषाला व्हिजिटर रूमच्या पुढं पाय टाकता येत नाही, आणि मी आत जाऊन यावं हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. व्हिजिटर रूम तर सगळीकडे छान, सोफा, फुलदाणी, भिंतीवर देखावा. काकाजींनी त्या सोफ्याकडे अशी नजर टाकली जशी रस्त्याकडच्या झाडाकडे टाकायचे. मग मला म्हणाले चल, आणि आम्ही इमारतीच्या मागं गेलो. मागं मेसचं दार, बाजूला टपरी. तिथं आम्ही चहा घेत बसलो, बसलो... मला कळेना काय चाललं आहे. दुपार झाली आणि एक गवळी सायकलला दोन डबे बांधून आला. मेसचं खरकटं म्हशींसाठी न्यायला. काकाजी उठले, त्याला विडी दिली आणि डब्यात डोकावून आले. डबे काठोकाठ. भात, पोळ्या, भाजी, सगळं. काकाजी म्हणाले, इथं पोरी जेवून नाही राहिल्या, टाकून राहिल्या. दुसरं होस्टेल युनिव्हर्सिटीचं स्वतःचं, जुनं, तिथंही तेच. तिसरं एका ट्रस्टचं होतं, पिवळ्या रंगाचं, नाव मी सांगत नाही. तिथला डबा तळाशी जरासा भरलेला. काकाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की विचारू नका. "गळ नाई," म्हणाले. "इथंच."

तुम्हाला समजलंच असेल. मला समजायला पहिल्या दिवशीचं रात्रीचं जेवण लागलं.

त्या मेसमध्ये एक बाई चिमटा घेऊन उभी राहायची आणि पोळ्या मोजून टाकायची. भाताची मूद चहाच्या कपानं काढलेली. दुसऱ्यांदा ताट पुढं केलं तर ती काही बोलायची नाही, नुसती बघायची, आणि तेवढ्यात आपण ताट मागं घ्यायचो. वरणात बोट बुडवलं तर नख दिसायचं. मुली ताट असं पुसून खायच्या की घासायचं काम नाही. डब्यात पडणार काय, कपाळ? माझी रूममेट बैतूलची होती, ती मला म्हणाली, तुम्हारे चाचा ने क्या देखके दिलाया ये? मी सांगितलं तर ती पलंगावर लोळून हसली. मीपण हसली. मग पोटात कावळे ओरडायला लागले तसं दोघी पाणी पिऊन झोपलो.

आणि घरी सांगायची सोय नाही. तक्रार केली की बिस्तरा गुंडाळून परत. म्हणून सुट्टीत घरी गेली की मी सांगायची, मस्त आहे. आई ताटात वाढत राहायची आणि मी खात राहायची, आणि आजी म्हणायची, नागपूरचं पाणी मानवलं पोरीला, भूक वाढली.

काकाजी संत्रा मार्केटच्या कामानं नागपूरला यायचे, तेव्हा रविवारी मला भेटायचे. असेच एकदा व्हिजिटर रूममध्ये बसले होते. मी मस्त मस्त सांगून राहिली होती, केस सारखे करायला हात वर केला, आणि बांगड्या सरकत कोपराच्याही वर गेल्या. काकाजींनी हातच पाहिला नुसता. मग "आलोच" म्हणून मागच्या बाजूला गेले. परत आले आणि माझ्यासमोर बसले. नंतर मला समजलं, टपरीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की गवळ्यानं हे होस्टेल केव्हाच सोडलं, इथल्या खरकट्यात म्हशीचं भागत नाही.

"घरी कोणाले सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाली.

"नको सांगू. मी पायतो."

त्यांचं पाहणं म्हणजे काय, तर पुढच्या वेळेपासून काकूनं बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी सुका झुणका. काकूनं कधी विचारलं नाही एवढं कुठं जाते. ती रसद आम्ही दोघी पुरवून पुरवून खायचो. घरी काकाजी सांगायचे, होस्टेल एकदम फस्क्लास. हा त्यांच्या धंद्यातला नेम होता. बगीचा वाईट निघाला तर बोंबलायचं नाही, मुकाट्यानं निस्तरायचं. असंच चाललं असतं तर तीन वर्षं निघूनही गेली असती... पण काकाजींनी एवढी तारीफ केली की ती तिगावला पोचली.

दिवाळीत मी घरी होती. वामनराव आले. काकाजींचे जुने दोस्त, दोघं मिळून बगीचे घ्यायचे. त्यांच्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजात टाकायचं होतं. बैठकीत बाबा, काकाजी, वामनराव, आणि मी चहा घेऊन गेली होती. वामनराव म्हणाले की मी तर दुसरीकडं पाहणारच नाही, दिनकरनं पाहिलं म्हणजे पाहिलं, आत्ताच जागा सांगून ठेवतो. माझ्या हातात ट्रे तसाच राहिला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अगदी जराशी, नका म्हणून. बोलले असते तर माझं बी.एस्सी. गेलं असतं, ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी बशीत चहा ओतला, सावकाश प्याले, बशी खाली ठेवली.

"वामन, तिथं नको टाकू पोरीले. माही नजर चुकली."

वामनराव हसायला लागले, त्यांना वाटलं गंमत करून राहिला. मग त्यांनी काकाजींचा चेहरा पाहिला. काकाजींनी सगळं सांगितलं. खरकट्याचा डबा, मोजलेल्या पोळ्या, भाकरीचं गाठोडं, सगळं. बाबा ऐकत होते आणि त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. म्हणाले, म्हणजे माझी पोरगी तिथं उपाशी राहून राहिली आणि तू मला फस्क्लास सांगून राहिला.

"हाव दादा. लपवलं मी."

"मग आण तिले घरी. झालं तेवढं शिक्षण पुरे."

मला वाटलं संपलं. ट्रे खाली ठेवावा हेही सुचेना. काकाजी म्हणाले, "चूक माही हाये दादा, तिची नाई. बगीचा घेण्यात चुकलं तं माणूस झाडं तोडते का?"

"तुह्या नजरेवर दिलं होतं तिले. आता कोणाच्या नजरेवर देऊ?"

"तिच्या."

आमच्या घरात मुलीच्या नजरेवर साडीसुद्धा घेतली जात नव्हती. वामनराव छताकडे बघत बसले. मग आतून आईचा आवाज आला. आई कधी बैठकीतल्या बोलण्यात पडायची नाही, त्या दिवशी पडली. म्हणाली, "इतके दिस काढून आली ते तिथं. तिले नाई समजन तं काय तुम्हाले समजन?" बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि शेतात निघून गेले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आमच्याकडे त्याला हो समजतात.

दिवाळीनंतर काकाजी आणि मी परत नागपूरला. या वेळी मागच्या बाजूला गेलो नाही. युनिव्हर्सिटीच्या त्या जुन्या होस्टेलच्या फाटकाशी उभे राहिलो, आणि काकाजी तिथंच थांबले. मला म्हणाले, "मी भाईरून पाहिलं म्हणून फसलो. तू आत जाय, पार शेवटच्या खोलीपर्यंत. मी इथंच हावो." मी गेली. मुलींना विचारलं, बाथरूम पाहिले, स्वयंपाकघरात उभी राहिली. पाणी फक्त सकाळी, खिडकीची एक झडप तुटकी, वॉर्डनबाई खडूस. पण पोळी मागितली की मिळते, आणि भाजी इतकी बेचव की निम्मी टाकतात. म्हणून डबे भरलेले. एक मुलगी म्हणाली, चव नाही गं, पण भूकही नाही राहत. मी बाहेर येऊन सांगितलं, हेच. काकाजींनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसते म्हणाले, "चल मंग, सामान आणू." पण जागा रिकामी व्हायची होती, तोवर पिवळ्या होस्टेलातच राहिली, आणि मग या जुन्यातच माझं बी.एस्सी. झालं. वामनरावांची मुलगीपण पुढं तिथंच आली.

आणि हो, बाजारात ती गोष्ट पसरली. एक अख्खा हंगाम लोक काकाजींना विचारायचे, काय दिनकरभाऊ, आज कोणाच्या खरकट्यात पाहून आले? ते हसायचे. कोणाला उलट बोलले नाहीत. बाबांनी मात्र दोन वर्षं त्यांना कोणतीच गोष्ट विचारून केली नाही, ते त्यांना लागलं होतं, मला दिसायचं. मग हळूहळू लोक विसरले. किंवा तेरवीत मुद्दाम नाही बोलले... वामनराव तरी विसरले नसणार. मला वाटते ते बैठकीतल्या त्या कबुलीसाठीच रडले.

आता परवाचं सांगते, खरं तर ते सांगायलाच बसली होती. काकाजींची ज्योती, माझी चुलत बहीण, तिला यंदा नागपूरला टाकायचं आहे. काकू म्हणाली, तू जा तिच्यासोबत, तुला सगळं माहीत आहे. आम्ही गेलो. त्याच जुन्या होस्टेलच्या फाटकाशी पोचलो. मी बाईमाणूस, मला आत जायला कोणी अडवणार नव्हतं. वॉर्डनबाईसुद्धा ओळखीची. ज्योती म्हणाली, ताई, चल ना. आणि माझा पायच उचलेना. मी पर्स छातीशी धरून तिथंच उभी, भिंतीला टेकून, रस्त्यावरची सगळी माणसं बघून राहिली. ज्योती दोनदा मागं वळून पाहत आत गेली. तिला खूप वेळ लागला. ऊन चढलं, रिक्षावाले विचारून गेले, कुठं जायचं ताई. मी म्हटलं, कुठंच नाही, पोरगी आत गेली आहे.

मला खरंच विचारायचं आहे, तुमच्यासोबत झालं का असं कधी? जिथं तुम्हाला बिनधास्त आत जाता येते, तिथं कोणीतरी तुमच्यासाठी बाहेर थांबलं होतं म्हणून तुम्हीपण बाहेरच थांबले?