जुना तळ काढला तेव्हा

टाचमास्तरांना माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती. आधी पाय, मग बूट, आणि वेळ उरलाच तर तोंड. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल सपाट, कुणाचा बूट नेमका आतल्या कडेने झिजतो, अशांसाठी ते तीस वर्षं हाताने बूट बांधत आले होते. दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला लाकडी पावलांची रांग, कोपऱ्यात शिलाईचं मशीन आणि सगळीकडे सोल्यूशनचा डोकं चढवणारा वास.

बोलायचं खातं मास्तरीणबाईंचं. मास्तर गिऱ्हाइकापुढे नुसतं "हूं" करत आणि बाई त्या "हूं"चं भाषांतर करत. बारीक "हूं" म्हणजे सोपं काम. लांब "हूं" म्हणजे आधीच्या कारागिराने वाट लावलीय.

सात वर्षांपूर्वी दुकानाची वेबसाइट झाली आणि बाईंना हे भाषांतर लिहून ठेवायचा नाद लागला. गिऱ्हाईक जे विचारी त्याचं उत्तर त्या दुपारी एका बोटाने फोनवर टाइप करत आणि थेट वेबसाइटवर चढवत. अशी त्रेचाळीस उत्तरं झाली. त्यातलं पहिलं असं होतं: "एक पाय आखूड असेल तर नुसती टाच वाढवू नका, तळही वाढवा. नाहीतर माणूस जन्मभर उतारावर उभा राहतो."

इतकं सरळ कुणी सांगितलेलंच नव्हतं. मुलाची चाल वाकडी दिसली की आया घाबरून फोनला प्रश्न विचारत आणि उत्तरांच्या यादीत बाई पहिल्या-दुसऱ्या जागेवर हजर असत, तेही फुकट. आज उत्तर वाचलेली आई सहा महिन्यांनी मुलाला घेऊन येई. धंदा सावकाश चाले, पण चाले.

मग जागामालकाने निरोप धाडला. वर्षाअखेरीस करार संपतोय, पुढचं भाडं दीडपट. झेपत नसेल तर दुसरा माणूस तयार आहे. काम वाढवल्याशिवाय ही खोली राहणार नव्हती.

मास्तरांचा भाचा जाहिरातीच्या धंद्यात होता. हे कानावर येताच तो धावत आला. तो बोलताना दोन बोटांनी हवेत काहीतरी मोठं करून दाखवायचा. मामा, मामी लिहितात ते गोड आहे, पण ते झाड आहे, लावा आणि वाट बघा. जाहिरात म्हणजे नळ, सोडला की पाणी. यादीच्या वर आपलं नाव, खाली "जाहिरात" असं बारीक लिहिलेलं, आणि कुणी बोट लावलं तरच पैसे. मामीने त्याच दिवशी त्याचं नाव क्लिकोबा ठेवलं.

पण नळाला पाणी आलं, हे मामीलाही नाकारता येईना. फोन वाढले, मोजमापाची वही दोन महिन्यांत भरली. नवी गिऱ्हाइकं काय सांगत, ते बाई कान देऊन ऐकत. वरची जाहिरात पाहिली, पण म्हटलं जाहिरात काय, कुणीही देतं. खाली तुमचं उत्तर दिसलं, ते वाचलं, विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं आणि वरच्या जाहिरातीवर बोट दाबलं. म्हणजे ओळख जाहिरातीची, भरवसा उत्तराचा. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने बसवून घ्यायचं.

क्लिकोबाच्या तक्त्यात मात्र शेवटचं बोट कुठे लागलं तेवढंच दिसे. त्यामुळे सगळं श्रेय जाहिरातीला. त्यात मास्तर रोज सकाळी दुकान उघडलं की आपलंच नाव शोधत आणि आपल्याच जाहिरातीवर बोट ठेवत, आहे ना जागेवर म्हणून.

"अहो, स्वतःच्याच दारावरची बेल वाजवून कोण आलं ते बघताय," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येक बेलेचे पैसे देताय."

मास्तरांनी मध्यम लांबीचं "हूं" केलं.

जाहिरात सुरू झाल्यावर पावणेतीन महिन्यांनी बाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे गेल्या. तेवढ्यात क्लिकोबा तक्ता घेऊन आला. मामा, त्रेचाळीस पानं, लोक येतात, वाचतात, निघून जातात. फुकटे. त्यांच्यामुळे खरा माणूस भरकटतो. एकच स्वच्छ पान करू, मोठा फोटो, खाली बटण. जुनी पानं काढायची.

मास्तरांनी फोनकडे बघितलंच नाही. हातातल्या बुटाकडे बघितलं. तीस वर्षं त्यांचा एक नियम होता: जुन्या तळावर नवा तळ चिकटवायचा नाही. आधी जुना पूर्ण खरवडायचा, मगच नवा धरतो.

"काढ," ते म्हणाले.

बाई परत आल्या, फोन उघडला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिल्या.

"माझी उत्तरं कुठायत?"

मास्तरांनी तळाचा नियम सांगितला. बाईंनी ऐकून घेतला.

"बुटाचा तळ झिजतो म्हणून काढतात. हा झिजला होता का?"

मास्तरांनी हातातला बूट उलटा करून त्याचा तळ बघितला.

लोक जाहिरातीवर बोट लावत, मोठा फोटो बघत आणि परत फिरत. वाचायला काही नव्हतंच. क्लिकोबा आता बोटांनी हवेत काही मोठं करेना. म्हणाला, पान पोकळ वाटलं की तेच बोट महाग पडतं, असा जाहिरात लावणाऱ्या कंपनीचा नियमच आहे. मग जुनी परत चढव, मास्तर म्हणाले. जुनी राहिलीच नव्हती. बाईंनी कुठे उतरवून ठेवलेली नव्हती आणि यानेही ठेवली नव्हती. दीड महिन्यात जाहिरातीत घालायला पैसे उरले नाहीत. मंगळवारी ती बंद झाली. बुधवारी फोन एकदाच वाजला, तो जागामालकाचा होता.

बाईंनी आठवून आठवून अकरा उत्तरं लिहिली. ती पाठ म्हटल्यासारखी झाली, कारण समोर विचारणारं कुणी नव्हतं. नवीन पानांना वर यायला महिने लागतात म्हणे. करार संपायला बावीस दिवस होते.

शेवटच्या आठवड्यात मास्तर लाकडी पावलं पोत्यात भरत होते. बाईंनी सहज फोनला तोच प्रश्न विचारला, एक पाय आखूड असेल तर? सगळ्यात वर एका मोठ्या बूटवाल्यांची जाहिरात. तिच्या खाली पहिलं उत्तर, तेही त्याच बूटवाल्यांचं. बाईंनी फोन मास्तरांपुढे धरला.

"वाचा."

मास्तरांनी वाचलं. "एक पाय आखूड असेल तर टाच वाढवा. नाहीतर माणूस जन्मभर उतारावर उभा राहतो."

वाक्य बाईंचं होतं. बूटवाल्यांनी ते कधीच उचलून ठेवलेलं असणार, आणि बाईंचं पान होतं तोवर ते खाली दबून होतं. पान गेलं, ते वर आलं. कापाकापीत अर्धं गळालं होतं.

"चोरलं ते चोरलं," बाई म्हणाल्या, "पण उलटं उतरवलंय. हे वाचून लोक नुसती टाच वाढवतील. पोरांचे गुडघे जातील."

त्यांनी त्या दुकानाला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पंचवीस मिनिटं महत्त्वाचाच राहिला. शेवटी मास्तरांनी त्यांच्या जाहिरातीवर बोट दाबलं. आत एक चौकोन होता, "आपली शंका लिहा." बाईंनी एका बोटाने लिहिलं: तुमचं उत्तर चुकलंय, टाच आणि तळ दोन्ही वाढवायला हवेत, एवढं दुरुस्त करा. खाली नाव लिहायची जागा होती. ती त्यांनी रिकामी ठेवली.

लगेच उलट निरोप आला. शंकेबद्दल आभार, आपल्या प्रश्नाचं उत्तर खालील पानावर मिळेल.

बाईंनी ते पान उघडलं. पहिली ओळ तीच होती, टाच वाढवा. त्यांनी फोन पोत्यात, लाकडी पावलांवर ठेवून दिला.