थांबा धरून

ट्रॅव्हल्सवाल्यानं गार्डआबांना फसवलं. त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो, म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे.

आबा होटगीचे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. अंतर ते कधी किलोमीटरमध्ये सांगत नसत. केम स्टेशन किती लांब, म्हटलं की उत्तर यायचं, "प्याशिंजरनं तीन तास. क्रॉसिंगला थांबवली तर साडेतीन." एकदा मोडनिंबच्या लग्नाला त्यांनी सगळ्यांना इतक्या लवकर नेलं की मांडववाले अजून खांब रोवत होते. वरबाप म्हणाला, "आबा, नवरीबी उठली नसंल की अजून!" आबा शांतपणे म्हणाले, "यष्टी वाटंत थांबली न्हाय, त्याला मी काय करू?"

होटगी स्टेशनवर मी खांद्यावर गठ्ठा घेऊन टॉवेल विकायचो, तेव्हा त्यांनीच मला शिकवलं, "गाडी किती वाजता येती ते इचारू नगंस. किती थांबती ते इचार. तुजा धंदा थांब्यावर हाय." आज सोलापुरात माझं दुकान आहे ते या एका वाक्यावर.

त्यांचे थोरले भाऊ मेलबर्नला मुलाकडे होते. त्यांनी अन्न सोडल्याचा फोन आला. आबांकडे आधीच्या फेरीचा व्हिसा होता. आम्ही तिकिटाला गेलो. आबांनी विचारलं, "मुंबईपास्नं मेलबर्न, थांबा धरून किती?"

ट्रॅव्हल्सवाला मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "सगळं धरून तेरा तास, काका."

मी भाव पाडत होतो. दोनदा पाडला. तो पटकन कबूल झाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. टॉवेलाच्या गिऱ्हाइकाला मी असा सहज सोडत नाही.

मुंबईच्या विमानतळावरून आबांनी मेलबर्नला फोन केला. तिकडं पुतण्यानं तो भावाच्या कानाला लावला. आबा म्हणाले, "दादा, तेरा तास. तेवडं थांब."

दादा सोळा तास थांबले.

त्या वेळी आबा सिंगापूरला बाकावर बसले होते. तिथं अकरा तासांचा थांबा होता. पोचायला चोवीस तास लागले. उतरल्यावर कळलं.

परत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "जन्मभर गार्ड हुतो रं. आन् गाडी मला सोडून गेली."

मी ट्रॅव्हल्सवाल्याची गचांडी धरली. तो म्हणाला, "मालक, उडायचे तास तेवढेच होते की! स्वस्त तुम्हीच मागितलं." मागितलं. माझा वाटा मी आबांच्या पायाशी बसून कबूल केला आहे. पण थांब्याचं आबांनी विचारलं होतं, आणि उत्तर त्यानं दिलं होतं.

परवा पारावर कुणीतरी आबांना कुर्डुवाडी किती लांब, असं विचारलं. आबा म्हणाले, "म्हाईत न्हाय."

ट्रॅव्हल्सवाल्या, मला पैसे परत नकोत. होटगीला ये. आबांच्या समोर बस, मोबाइल खिशात ठेव, त्यांच्या डोळ्यांत बघ आणि सांग: थांबा धरून किती?