अक्काचं पोट खरंच दुखत होतं

गुरुवारी सकाळी बदलापुरात माझी अक्का वारली. तिचा दीर निरोप घेऊन अंबरनाथला आमच्याकडे आला. ‘‘वहिनी छातीत दुखतंय म्हणाल्या,’’ तो दारातूनच सांगू लागला, ‘‘आणि आई स्वतः टांगा आणायला धावली. डॉक्टर आले, पण...’’ मला रडू आलं. आणि त्या रडण्यातच कुठेतरी हायसंही वाटलं. अक्काच्या सासूबाई धावल्या होत्या.

पूर्वी त्या धावल्या नसत्या. पहिलं मूल गेल्यावर अक्काने बोलणंच टाकलं होतं. काही महिने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. बरी होऊन आली, संसाराला लागली, पण विहिरीवर तिला कुणी एकटीला सोडेना. कळशी तिची, पहारा नणंदेचा. पुढे तिच्या उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. जेवली की घामाघूम होऊन आडवी व्हायची. ‘‘पुन्हा सुरू झालं हो हिचं,’’ सासूबाई म्हणायच्या. गावातल्या डॉक्टरांना तिची सगळी हकीकत ठाऊक. ते तिला न तपासताच झोपेचं मिक्श्चर द्यायचे. ‘‘आता डोकं दुखतंय म्हणून सांगते,’’ अक्का मला म्हणाली, ‘‘म्हणजे तरी पोटाचं औषध देतील.’’ आम्ही दोघी हसलो... पण पोलकं तिच्या अंगावर लोंबत होतं.

तेव्हा उल्हासनगरच्या छावणीत सिंधी निर्वासितांनी बराकींतून दुकानं मांडली होती. उशांच्या अभ्र्यांसाठी कापड घ्यायला आम्ही गेलो आणि दुकानाच्या पायरीवरच अक्का पोट धरून बसली. दुकानातली बाई उठून आली. ‘‘अरे माई, ये तो पीली पड़ गई है!’’ तिने आम्हाला शेजारच्या बराकीतल्या डॉक्टरांकडे नेलं. तेही निर्वासितच. ‘‘पहले कोई बीमारी?’’ त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तोच अक्काने मला असा चिमटा काढला, की मी गप्पच झाले. ‘‘कुछ नहीं,’’ ती म्हणाली. त्यांनी तिला झोपवून बरगडीखाली बोटं दाबली. अक्का किंचाळली, त्यांनी मान डोलावली आणि मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. परतताना ती फिकट चेहऱ्याने हसत होती. ‘‘त्यांच्या लेखी मी नुसती एक बाई होते गं!’’

मुंबईला शस्त्रक्रिया झाली. पित्ताशयातले खडे अक्काने बाटलीत घालून घरी आणले आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले. ‘‘आई, हे माझे भास.’’ सासूबाईंनी बाटली हलवून पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘अगं बाई, वाजतात की गं!’’ दुसऱ्या दिवशी अक्का एकटीच पाण्याला गेली. त्यानंतरची वर्षं तिने मोकळेपणी काढली. मुलगी झाली, तिला शाळेत घातलं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तिकडे राहिले होते. पाय दुखतो म्हणून अक्काची मुलगी कुरकुरत होती. शाळा बुडवायची असेल, असं मीच म्हणणार होते. सासूबाईंनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि नातीचा पाय मांडीवर घेतला. ‘‘नेमका कुठे? बोट ठेव बघू.’’

त्या घरात आता ज्याला दुखतं त्याचं ऐकून घेतात.