दंतवैद्याचे चिलखत

आमच्या व्याह्यांइतका आनंदाने आंधळा होऊ घातलेला माणूस हुबळी-धारवाडात दुसरा नाही, आणि अन्यत्रही नसावा. हे विधान मी विचारपूर्वक करतो. धारवाडच्या कोर्टात हयात गेल्यामुळे पुराव्याखेरीज बोलण्याची मला सवय नाही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. हुबळीच्या देशपांडे नगरात त्यांचा दातांचा दवाखाना होता. उलटतपासणीत ज्यांच्या तोंडून मला शब्द काढता आला नाही, असे पक्के साक्षीदार या गृहस्थांपुढे निमूटपणे आ करून बसत. मग एके दिवशी कोणाच्या तरी दाढेत डोकावताना त्यांना दाढेच्या कडा दिसल्या, मध्ये मात्र धुके दिसले. त्यांनी हत्यार खाली ठेवले, त्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले आणि स्वतः नेत्रवैद्याकडे गेले. डोळ्यांच्या पडद्याचा विकार निघाला. मधली दृष्टी जाणार, कडेची थोडीबहुत राहणार, औषधाने उशीर होईल पण सुटका नाही, असे त्यांना सांगण्यात आले. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला असता. हे तेथून थेट बसने धारवाडला माझ्याकडे आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, निकाल लागला. डोळे जाणार. पण मुदत मिळाली आहे."

"किती?" मी विचारले.

"ते सांगत नाहीत. म्हणून तर घाई आहे."

"कशाची?"

"बोटांना नोकरी लावायची. डोळे निवृत्त होतात तर होऊ देत. ही दहा बोटं धडधाकट आहेत, आयुष्यभर राबलीत. ती रिकामी घरी बसली तर मला खातील."

सारा मामला एवढाच होता. न पाहता करता येईल असे एखादे काम, पाहता येत आहे तोवर शिकून घ्यायचे. डोळे आधी जातात की बोटे आधी शिकतात, अशी ही शर्यत होती आणि तिच्या विचाराने त्यांना लग्नघरातल्या पोरासारखे उधाण आले होते. प्रथम त्यांनी विहीणबाईंच्या सुया घेऊन लोकर विणून पाहिली. लोकर मऊ असते, बोटांना उत्तर देत नाही, म्हणून ती सोडली. मग वेत आणला. वेत उलट उत्तर देतो, म्हणून तोही सोडला. अखेर त्यांना विजापूरच्या संग्रहालयात पाहिलेले एक जुने चिलखत आठवले. लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेला तो अंगरखा. घरची सगळी मंडळी पुढे निघून गेली तरी हे त्या काचेपुढून हलेनात. कोणी विणले, कसे विणले, एक कडी कितींतून जाते, असे प्रश्न त्यांनी पहारेकऱ्याला विचारले. तो बिचारा शेवटी म्हणाला होता, "युद्ध मुगदैति, मुंद नडीरी." लढाई संपली, आता पुढे चला. ते आठवून डॉक्टर मला म्हणाले, "त्याची संपली असेल. माझी आता सुरू होते आहे."

तार आणण्यासाठी ते जुन्या हुबळीत गेले. सोबत मीही होतो, कारण तोपर्यंत रस्ता ओलांडताना त्यांना रिक्षा अर्धी दिसू लागली होती. दुकानदाराने एवढी तार कशाला म्हणून चौकशी केली. "कोळि गूड माडाकत्तीरेन्री?" म्हणजे कोंबड्यांचे खुराडे करता काय. चिलखताला कानडीत काय म्हणतात ते डॉक्टरांना ऐनवेळी आठवेना. तेव्हा त्यांनी एक खिळ्यांचा पुडा ढालीसारखा धरला, दुकानातली मोजपट्टी उपसली आणि स्वतःच्याच छातीवर वार करून ते जखमी न होता हसत उभे राहिले. दुकानदाराने मोजपट्टी हलकेच काढून घेतली, त्यांना स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि मला बाजूला घेऊन विचारले की, हे किती दिवसांपासून आहे. मी म्हणालो, जन्मापासून.

गुरू त्यांना नातवाच्या फोनवर मिळाला. दाढीवाला एक परदेशी इसम त्यात काही न बोलता कड्या जोडत बसलेला असतो. "बोलत नाहीत हाच गुरुजींचा मोठेपणा," असे डॉक्टर म्हणत आणि फोनला नाक लावून तेच तेच पाहत. कृती सांगायला सोपी आहे. तार सळईवर गुंडाळायची की तिचे वेटोळे होते. वेटोळे उभे कापले की सुट्या कड्या पडतात. मग दोन हातांत दोन पकडी घेऊन कडी उघडायची, ती चार कड्यांतून ओवायची आणि मिटायची. उघडताना ती फाकवायची नाही, मुरडायची. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. वेटोळे कापायला त्यांनी दवाखान्यातले दात कोरायचे यंत्र वापरले. ते यंत्र कित्येक महिन्यांनी पुन्हा किंचाळू लागताच शेजारचे गृहस्थ गाल धरून धावत आले. दवाखाना उघडला असा त्यांचा समज झाला होता. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवले, लवंग दिली आणि सांगितले, "दात आता मला दिसत नाही. कडी जोडा. लक्ष दुसरीकडे गेलं की ठणका कमी होतो." ते गृहस्थ तासभर एका गालात लवंग धरून कड्या जोडत बसले. ठणका कमी झाला नाही. पण ओळ सरळ आली.

तेव्हापासून त्या घरात कडी जोडल्याशिवाय चहा मिळत नाही. दूधवाला जोडतो, सिलिंडरवाला जोडतो. चिरंजीवांचे साहेब बेंगळुरूहून सपत्नीक आले होते. त्यांनी दोन जोडल्या आणि त्यातली एक उलटी. डॉक्टर पुढ्यात ताट घेऊन बसतात आणि प्रत्येक कडीशी जुन्या सवयीने बोलतात. "मोठा आ कर. हं. थोडं दाबल्यासारखं वाटेल. झालं." मधोमध दिसत नसल्यामुळे समोरच्याकडे पाहायचे असेल तेव्हा ते दाराकडे पाहतात. नवखा माणूस मान वळवून कोण आले ते पाहू लागतो, आणि डॉक्टर त्याला म्हणतात, "तिकडे काय बघता? मी तुमच्याशी बोलतोय." बाहेर जातानाही त्यांच्या कोटाचा एक खिसा कड्यांनी भरलेला असतो. लॅमिंग्टन रोडला एका नात्यातल्या लग्नात ते मांडवात बसून उपरण्याखाली विणत होते. मंगलाष्टके सुरू झाली, सगळे उठले, हेही उठले आणि 'सावधान' होताच अक्षतांऐवजी त्यांनी मूठभर कड्या उधळल्या. एक नवरीच्या वेणीत अडकली, एक भटजींच्या पळीत पडली. नवऱ्या मुलाची आत्या लोखंड पडले, अपशकुन झाला, असे म्हणू लागली. डॉक्टर तेव्हा ओणवे होऊन बोहल्यावरच्या कड्या वेचत होते. ते तसेच वर न पाहता म्हणाले, "अक्का, लोखंड नव्हे, स्टील आहे. गंजत नाही. संसाराला तेच बरं." मी दुसऱ्या पंगतीला बसलो. पहिल्या पंगतीत ओळख दाखवावी लागली असती.

परंतु शर्यत विसरून चालणार नव्हते. धुके दर महिन्याला दाट होत होते. वर्तमानपत्राचे मथळे गेले, मग घड्याळाचे काटे गेले. म्हणून रोज दुपारी ते डोळ्यांवर पंचा बांधून विणायला बसू लागले. विहीणबाई म्हणाल्या, "घाण्याच्या बैलालाही पट्टी बांधतात. पण त्याच्यामागे तेल तरी निघतं." डॉक्टर म्हणाले, "निघेल." निघाले नाही. बोटे एखादी कडी उलट्या अंगाने ओवत, ते कळत नसे, त्यावर पुढच्या ओळी चढत आणि सगळे कापड उन्हात ठेवलेल्या पापडासारखे वळत जाई. पंचा सोडून ते पाहात, बोटांनी चाचपत, जिथे चूक झाली तिथपर्यंत उसवत आणि पुन्हा पंचा बांधत. एकदा अशीच संध्याकाळभर उसवाउसव झाल्यावर त्यांनी पकडी खाली ठेवल्या आणि भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहून अगदी साध्या आवाजात विचारले, "वकीलसाहेब, नाहीच जमलं तर?" त्यांच्या तोंडून असा प्रश्न मी पूर्वी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "तर मुदत वाढवून मागू." ते एवढे हसले की कड्यांचे ताट उलटले. त्या वेचता वेचता मला घरी परतायला उशीर झाला.

यानंतर मला शिष्यत्व पत्करावे लागले. माझी इच्छा नव्हती. दर गुरुवारी मी धारवाडहून येई, झोपाळ्यावर बसे आणि चहासाठी लागणाऱ्या कडीहून एकही जास्त जोडणार नाही, असे बजावून दोन ओळी जोडत असे. चिलखत कोणासाठी आहे असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच मापाचं करतोय. वकिलाला लागतं. हरलेला अशील कधी कुठे गाठेल, सांगता येतं का?" खरे कारण असे की, मी हडकुळा आहे आणि माझ्या मापाला कड्या कमी लागतात.

एका गुरुवारी बिनबाह्यांचे ते प्रकरण माझ्या अंगावर चढवून ते त्याची खालची कड पुरी करीत होते. डोळ्यांवर पंचा होता. झोपाळ्यावर मध्ये मी, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मटार सोलणाऱ्या विहीणबाई. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. डॉक्टरांची बोटे कडेकडेने माझ्या पोटावरून पलीकडच्या बाजूला पोहोचली, तिथे त्यांना एक कडी लागली, आणि ती आपलीच समजून ते चार बाजूंनी ओवत राहिले. हाताला किंचित मोठी लागली तेव्हा, "ही गुबगुबीत आहे," एवढेच म्हणाले. आत कुकरची शिट्टी झाली. विहीणबाई उठल्या. जुडगा उठला. जुडग्यामागून चिलखत निघाले आणि चिलखतात मी होतो. डॉक्टरांच्या पकडीत शेवटची कडी अजून होती आणि ती सोडायची नाही, असा त्यांचा बाणा. अशी आमची वरात स्वयंपाकघरापर्यंत गेली. पुढे विहीणबाई, मध्ये आडवा चालणारा मी, मागे डोळे बांधलेले आणि "ताणू नका, ताणू नका" म्हणणारे डॉक्टर. विहीणबाईंनी आधी गॅस बंद केला. मग वळून आम्हां दोघांकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "लग्नात शालूला उपरणं बांधलं होतं. ते सोडायला माणसं होती. आता हे कोण सोडणार?"

डॉक्टर तिकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "वकीलसाहेब, पाहा," ते म्हणाले. "उलटी कोणती आहे? नीट पाहून सांगा."

मी चष्मा लावला. किल्ल्यांच्या कडीपासून माझ्या काखेपर्यंत ओळ न् ओळ तपासली. पकडीतल्या शेवटच्या कडीपर्यंत एकही उलटी नव्हती. किल्ल्यांची कडीसुद्धा शास्त्रोक्त बसली होती. तसे मी सांगितले. ते खाली फरशीवर बसले, पंचा न सोडता. नंतर बायकोच्या किल्ल्यांची कडी त्यांनी डोळे बांधूनच सोडवली, एकेक कडी मुरडत. मला मात्र तोवर ओट्याला टेकून उभे राहावे लागले. चिलखत जड असते.

शर्यत कोणी जिंकली याचा निवाडा मला करता आलेला नाही. मधली दृष्टी आता पूर्ण गेली आहे. ती नक्की केव्हा गेली ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, कारण त्या दिवसांत हात कुठेच थांबले नाहीत. "शेवटची दिसलेली कडी कोणती, ती खूण करून ठेवायला हवी होती," एवढीच हळहळ त्यांनी बोलून दाखवली, तीही चहा पिताना. आता ते दुसऱ्या चिलखताची सुरुवात करून बसले आहेत. हे कोणासाठी, असे मी विचारले नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही झोपाळ्यावर विणत होतो आणि वीज गेली. मला हातातले काही दिसेना. "दिवे गेले वाटतं," डॉक्टर म्हणाले. "छान झालं. आज तुम्ही माझ्या गावाला आलात." त्यांच्या पकडीचा आवाज खंडला नाही. आपण स्वस्थ बसावे आणि त्यांनी एकट्याने काम करावे, हे मला बरे वाटेना. म्हणून मी माझी पक्कड नुसतीच उघडत मिटत राहिलो. काही वेळाने ते हसू लागले. "वकीलसाहेब, खोटी साक्ष नको. तुमच्या पकडीत कडी नाही. रिकाम्या तोंडाचा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय." त्यांनी माझा हात शोधला, तळहातावर एक कडी ठेवली आणि माझे बोट धरून विणीच्या कडेवर नेले. "इथून. डोळे मिटा, उघडे ठेवलेत तर अडचण होते. चार मोजा, मग ओवा."

मी मोजल्या. तीन सापडल्या. चौथी सापडेपर्यंत त्यांनी आपली पक्कड थांबवून धरली. मध्येच वीज आली असावी. विहीणबाई आतून तसे म्हणाल्या. मी डोळे मिटूनच होतो.