लुगड्याच्या पट्ट्या

शिरूर कासारकडच्या बायका जुनं लुगडं टाकत नाहीत, त्याची गोधडी शिवतात. भामाबाईच्या घरात मात्र एक धड गोधडी नव्हती. तिची सगळी लुगडी पट्ट्या होऊन संपली. दसरा झाला, ऊसतोडीचा ट्रक ठरला, की ती उंबऱ्यात बसून लुगडं टराटरा फाडायची आणि पट्ट्यांना पीळ द्यायची. मग ट्रकवर चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या कमरेला एक पट्टी बांधून तिचं दुसरं टोक हौद्याच्या कडीत अडकवायची. बायका हसायच्या. पोरं बांधतीस का शेळ्या, म्हणायच्या. भामाबाई एकाला चार ऐकवणारी, पण यावर ती नुसती पुढच्या पोराची गाठ आवळायची.

कारण कैक वर्षांमागं तिची लेक चतुरा बांधलेली नव्हती. शाळेत घालायच्या वयाची पोर, सामानाच्या ढिगावर बसून निघाली होती. ट्रक गतिरोधकावरून उडाला आणि ती खाली पडली ती गेलीच. साखर कारखाना सहकारी, म्हणजे म्हणायला सगळ्यांचा. पण भरपाई मागितली तर तिथला साहेब म्हणाला, पोर काही आमची कामगार नव्हती. भामाबाईनं त्याला जी शिवी हासडली ती गावात अजून सांगतात. इथं लिहिता येत नाही, पण ती कमीच पडली असं माझं मत आहे.

मग एका साली पावसानं पाठ फिरवली. आडात चिखलसुद्धा उरला नाही. एरवी काही पोरं म्हाताऱ्यांपाशी गावात राहायची; त्या साली म्हातारेच ट्रकवर चढले, मग पोरं कुणाच्या जिवावर ठेवायची? कर्नाटकातल्या कारखान्याकडं निघालेला ट्रक शिगोशीग भरला. खाली भांडी, पत्रे, सरपण, दोन शेळ्या. वर माणसं, आणि माणसांच्या मधे पोरं. भामाबाईची नात बायडी त्यात सगळ्यांत धाकटी. तिची गाठ भामाबाईनं पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

सीमेवरच्या नाक्यावर त्यांच्या पुढं एका शाळेची बस थांबवली होती. सहलीची बस, पडदेवाली, गार हवेची. नाक्यावरचा साहेब आत चढून एकेका पोराचा सीटबेल्ट तपासत होता. दोघांनी तो लावला नव्हता, तर त्यानं गुरुजींना चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्याची लेकरं राज्याबाहेर नेता, जबाबदारी कळत नाही का, असं सुनावलं. भामाबाईला वरून सगळं ऐकू येत होतं. तिला तो माणूस आवडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासारखं बोलत होतं.

बस गेली आणि तोच साहेब ट्रकपाशी आला. वर बघून त्याचं तोंड वाकडं झालं. जनावरासारखी पोरं कुणी बांधली, म्हणाला. आधी सोडा, कुणी फोटो काढला तर आमच्या नोकऱ्या जातील. मालाच्या गाडीत माणसं कशी, हे मात्र त्यानं विचारलं नाही. ते मुकादम जालिंदरनं टपरीमागं आधीच मिटवलं होतं. आता तो हात जोडून हसत होता, म्हातारी जरा चक्रम आहे म्हणत होता.

भामाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"साहेब, त्या गाडीतली लेकरं बांधा म्हणलात अन् आमची सोडा म्हणता. कावून?"

साहेब म्हणाला, ती बस आहे, तिला नियम आहे. हिच्यात सीटच नाही, तर बेल्ट कुठला?

"मंग वर या अन् तुमच्या हातानं सोडा. एक पोरगी मी अशीच सुटी नेलती."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. साहेब इरेला पेटून टायरवर पाय देऊन चढला आणि त्यानं बायडीच्या गाठीला हात घातला. पोर रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी गाठ मुठीत धरली. साहेबानं थोडी ओढाताण केली, मग तो उतरला, रुमालानं हात पुसले आणि कुणाकडं न बघता गाडी सोडायला सांगितली.

नाका मागं पडल्यावर जालिंदर केबिनमधून डोकं बाहेर काढून म्हणाला, "जिंकलीस की काकू."

"काय जिंकले रे? पोरं अजून मालावरच हायती."

साहेबाच्या हातानं सैल झालेली गाठ तिनं पुन्हा आवळली, इतकी की बायडी कळवळली. भामाबाईनं ती सैल केली नाही.