मुकादमाचं इंजेक्शन

एकमेकांशी बोलायचं नाही असं एकदा ठरलं की घरात तिसरं कोणीतरी लागतं. ताई आणि तिचा धाकटा भाऊ यांच्या दोन खोल्यांत ते तिसरं कोणी म्हणजे एक करडा, पांढऱ्या छातीचा, जाड मानेचा बोका होता. नाव मुकादम. ते आईने ठेवलेलं. दुसरे राबत असताना उंबऱ्यावर बसून अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी देखरेख करायची, एवढं एकच काम तो जन्मभर करत आला होता. "मला तीन पोरं," आई म्हणायची, "त्यातलं हे एकच उलटून बोलत नाही."

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या शेवटच्या आठवड्यात धाकटा म्हणत होता, तिला घरी आणू. ताई म्हणाली, हॉस्पिटलमध्येच राहू दे, तिथे निदान ऑक्सिजन आहे. आई हॉस्पिटलमध्येच गेली, भेटायची वेळ संपल्यावर, दोघंही जवळ नसताना. सगळं उरकून घरी आल्यावर धाकटा चपला काढता काढता म्हणाला, "तुझ्या हट्टापायी ती परक्या छताखाली गेली." ताईने उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं नाही, ते पुढे दिलंच नाही.

पण एका घरात राहायचं तर गॅस संपतो, नळ गळतो, भाडं द्यायचं असतं. मग धाकटा उंबऱ्याकडे बघून म्हणायचा, "मुकादम, आपल्या ताईला सांग, गॅस संपत आलाय."

"मुकादम, तुझ्या भावाला म्हणावं, सिलिंडर सांगून ठेवलाय. सगळी कामं जीभ हलवून होत नाहीत."

मुकादम दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि पंजा चाटायचा. निरोप पोचलेला असायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्या घरात भांडण म्हणून कधी ऐकलं नाही बाई. पण भिंतीला कान लावला की माझेच कान दुखतात."

ताई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, वेटरांचे शर्ट. वीस वर्षं वाफेत उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते आणि हातांना एक खोड लागली होती. चुरगळलेलं, घसरलेलं, लोंबणारं काही दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा. बसमध्ये पुढच्या बाईची वळलेली कॉलरसुद्धा ती सरळ करायची आणि मग माफी मागायची. धाकटा पिण्याच्या पाण्याच्या कॅनचा टेम्पो चालवायचा. खांदा एका बाजूला झुकलेला. दोघंही संध्याकाळी घरी यायची ती पिळून ठेवलेल्या कपड्यासारखी. न बोलण्याचा एक फायदा असाही होता, की बोलायला लागणारी ताकद वाचायची.

मुकादम पाणी जास्त प्यायला लागला, ते आधी धाकट्याच्या लक्षात आलं. "दिवसभर लोकांना पाणी पुरवायचं आणि घरी आलं की तुला. एक गिऱ्हाईक वाढवलंस की रे." मग तो खूप खाऊनही वाळायला लागला. जाड मान गेली. मागचे पाय टाचेवर टेकवून चालायला लागला, म्हातारा माणूस सपाता ओढत चालतो तसा. तेव्हा मात्र दोघं एकाच टेम्पोत बसून त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मधे पिशवीत मुकादम.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "डायबेटिस आहे. रोज दोन वेळा इन्सुलिन द्यावं लागेल, बारा-बारा तासांनी, खाणं झाल्यावर. घरात कोण देणार?"

"मुकादम, सकाळचं मी देईन म्हणावं," ताई म्हणाली.

"मुकादम, संध्याकाळी मी लवकर येतो," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी एकदा बोक्याकडे, एकदा दोघांकडे पाहिलं. "तुम्ही पेशंटलाच विचारताय का?"

कोणी हसलं नाही. मग त्यांनी खर्च सांगितला. माणसांचं इन्सुलिन चालेल, ते स्वस्त पडतं. सिरिंज मात्र त्याच मापाची, लाल टोपणाची, दुसऱ्या टोपणाची घेतलीत तर डोस चुकेल. दूध-बिस्किट बंद, बाजारचा कोरडा खाऊ बंद, नुसतं मांस. "आणि एक लक्षात ठेवा. दिलं की नाही अशी शंका आली तर देऊ नका. एक वेळ चुकली तर चालतं. दोनदा गेलं तर साखर इतकी खाली जाते की जीव जाऊ शकतो." मग त्या हळू म्हणाल्या, "हे सगळ्यांना जमत नाही. जमणार नसेल तर तसं सांगा. त्याला त्रास न होता शांतपणे जाऊ देता येतं. त्यात लाज नाही."

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. ताई म्हणाली, "जमवू."

तीन वर्षांत दोघांच्या वतीने तिने काढलेला तो पहिला शब्द होता. काढला आणि तिचाच तिला दम लागला.

जमवलं ते असं. ताईने गुडघ्याच्या शेकाला जाणं सोडलं. धाकट्याने टपरीवरचं जेवण सोडलं आणि डबा न्यायला लागला. डबा भरून ओट्यावर कोण ठेवतं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही. चिकनवाला दुकान बंद करताना उरलेसुरले तुकडे स्वस्तात द्यायचा. साखर मोजायचं यंत्र काकूंनी दिलं, त्यांच्या गेलेल्या यजमानांचं. "यांनी कधी पथ्य पाळलं नाही, निदान यंत्राचं तरी चीज होऊ दे." पण यंत्राला पट्ट्या लागतात आणि पट्ट्या महाग. म्हणून मुकादमाच्या कानाला टोचून तपासणी फक्त रविवारी. बाकीचे दिवस अंदाजावर आणि देवावर.

आणि दिलं-नाही-दिलंची खूण म्हणून एक चिमटा होता. कपडे वाळत घालायचा, निळा. स्वयंपाकघरात एका दोरीवर ओले कपडे असायचे आणि दोरीच्या टोकाला, भिंतीला टांगलेल्या कॅलेंडरवर, हा चिमटा. सकाळचं दिलं की ताई तो कॅलेंडरच्या डाव्या कोपऱ्याला लावायची. संध्याकाळचं दिलं की धाकटा उजव्या. शब्दही खर्च होत नव्हता. तीन महिने छान चाललं. मुकादमाची मान भरायला लागली. टाच उचलली. एकदा तर तो उडी मारून ओट्यावर चढला आणि ताईने त्याला रागावलं. आवाज मात्र आनंदाचा होता.

मग एक दिवस लाँड्रीतला बॉयलर बंद पडला. दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं, म्हणजे त्या दिवसाचा पगारही अर्धा. ताई चालत घरी आली. गुडघे ओरडत होते. मुकादम उंबऱ्यावर झोपला होता. स्वयंपाकघरात धाकट्याचा धुतलेला शर्ट दोरीवरून अर्धा घसरून शेगडीच्या दिशेने लोंबत होता. ताईचा हात पुढे गेला. शेजारी कॅलेंडरला चिमटा होता, तो काढला, शर्टाला लावला, बाही ओढून सरळ केली. चिमटा कुठल्या कोपऱ्यातून काढला, हे डोळ्यांनी पाहिलं असेल, पण डोक्यापर्यंत काही गेलं नाही. मग ती भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली ती मुकादमाच्या ओरडण्याने. दिवेलागणीची वेळ. नेहमीची त्याची खायची वेळ. ताईने कॅलेंडरकडे पाहिलं. उजवा कोपरा रिकामा. धाकट्याचा पत्ता नाही, टेम्पोही खाली नाही.

विसरला, ती मनात म्हणाली. नेहमीसारखा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शंका आली तर देऊ नका. पण ताईला शंका नव्हतीच. तिला राग आला होता, आणि राग आला की माणसाला सगळं स्पष्ट दिसतं. फोन समोर होता. त्यात धाकट्याचा नंबर होता. एक आकडा दाबून 'दिलंस का?' एवढं विचारायचं. दोन शब्द. तिने फोन हातात घेतला, पडद्यावर अंगठा धरला, आणि ठेवून दिला. मी का आधी बोलू? तो बोलला होता तेव्हा, चपला काढताना. आता पहिला शब्दही त्याचाच येऊ दे.

तिने मुकादमाला मांस दिलं. त्याने चार घास घेऊन तोंड फिरवलं. तेव्हा थांबायला हवं होतं. पण तिने मानेची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. मुकादमाने नुसतं वळून पाहिलं.

तासाभराने तो उठला आणि दारूड्यासारखा चालायला लागला. भिंतीला धडकला. ताई म्हणाली, "काय रे, काय झालं?" तो पाण्याच्या भांड्यापाशी गेला आणि तिथेच आडवा झाला. पाय थरथरायला लागले. डोळे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं.

त्याला उचलताना ताईची नजर शर्टावर गेली. शर्टाला निळा चिमटा.

हाक मारायला तोंड उघडलं आणि 'मुकादम' एवढंच बाहेर आलं. आता निरोप सांगायला मधे कोणी नव्हतं. जो होता तो मांडीवर लुळा पडला होता.

तिने फोन लावला.

"हॅलो?" धाकट्याचा आवाज घाबरलेला. तीन वर्षांनी तिचा फोन आला म्हणजे काहीतरी भयंकरच असणार.

"तू दिलंस का?"

"काय?"

"इंजेक्शन रे! आज दिलंस का?"

"हो, दुपारी आलो होतो ना. लग्नाच्या हॉलवर जादा कॅन पोचवायचे होते म्हणून आजचं तेव्हाच देऊन टाकलं. चिमटा लावला की. का?"

"तो आडवा पडलाय," ताई म्हणाली.

"ताई," धाकटा म्हणाला, "साखर. साखरेचं पाणी कर आणि हिरड्यांना चोळ. घशात ओतू नकोस, ठसका लागेल. मी निघालो."

तिने साखर विरघळवली, बोटाने त्याच्या हिरड्यांना लावली. पुन्हा लावली. इस्त्रीने भाजून भाजून बोटं इतकी निबर झाली होती की त्याचे दात लागलेलेही कळत नव्हते. खाली टेम्पो करकचून थांबला. धाकटा चपलांसकट आत आला, मुकादमाला टॉवेलात गुंडाळलं, आणि दोघं निघाली. वाटेत ताई बोट लावतच राहिली. "मीच दिलं," ती म्हणाली. "चिमटा शर्टाला लावला मी. तुझ्या शर्टाला."

"बरं."

"तुला विचारता आलं असतं."

"बरं, ताई. आता त्याला बघ."

दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन लावली, रक्त तपासलं. बऱ्याच वेळाने मुकादमाने कान हलवला. मग मान उचलून डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे तुच्छतेने पाहिलं. धाकटा हसायला गेला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण साखर पुन्हा खाली जाऊ शकते. उद्यापर्यंत इथे ठेवता येईल, त्याचे वेगळे पैसे होतील. किंवा घरी न्या, पण मग दर तासाला तपासायचं, जागं राहून. दोन्ही चालेल. तुम्ही ठरवा."

भिंतीवर एका कुत्र्याचं चित्र होतं, दोघं त्याच्याकडे बघत राहिली. पट्ट्यांच्या डबीत किती उरल्या असतील याचा हिशोब दोघांच्याही डोक्यात चालला होता, आणि त्या हिशोबाखाली दुसरा, जुना हिशोब.

"तू सांग," ताई म्हणाली. "मागच्या वेळी मी सांगितलं होतं."

धाकटा बराच वेळ टॉवेलाची घडी घालत राहिला. त्याला नीट घडी कधीच यायची नाही. "मागच्या वेळी," तो म्हणाला, "मला पण माहीत नव्हतं घरी आणून काय करायचं. ऑक्सिजन कुठून आणणार होतो मी? मी नुसतं म्हणत होतो. ठरवायचं तुझ्यावर पडलं आणि दोष द्यायला मी मोकळा." त्याने मुकादमाकडे पाहिलं. "राहू दे त्याला इथे. इथे मशीन आहे."

ताईने त्याच्या हातातला टॉवेल घेतला, झटकला आणि घडी घातली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"आणि आपण?" तिने विचारलं.

"आपण इथेच. बाकावर."

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं नाही. बाक अरुंद होता. ताईने गुडघे लांब केले, धाकट्याने दुखरा खांदा भिंतीला टेकवला. भेटीची वेळ अशी काही तिथे नव्हती.

मुकादम दुसऱ्या दिवशी घरी आला. टाच पुन्हा थोडी टेकायला लागली होती, डॉक्टरीणबाईंनी डोसही कमी केला होता. बिलाचे पैसे हप्त्याने द्यायचे ठरलं. म्हणजे गुडघ्याचा शेक अजून लांब आणि धाकट्याला रविवारीही टेम्पो. काकू दारात येऊन म्हणाल्या, "काल तुमच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला. भांडलात का?"

"नाही हो," ताई म्हणाली, "बोललो."

त्यांच्यात एकदम गप्पांचा पूर आला असं मात्र झालं नाही. तीन वर्षांची सवय, आणि दिवसअखेर अंगात उरलेली ताकद तेवढीच. पण चिमटा ताईने परत कपड्यांत टाकून दिला. आता जो इंजेक्शन देतो तो मोठ्याने म्हणतो, "दिलं." आणि दुसऱ्याने, कुठेही असो, बाथरूममध्ये असो की जिन्यात, "ऐकलं" म्हणायचंच. तसं उत्तर आलं नाही तर पहिला पुन्हा ओरडतो. घरी नसला तर फोन करतो.

संध्याकाळी ताई दमून येते, जिन्यावरूनच विचारते, "दिलंस?"

"दिलं."

"ऐकलं. चहा ठेव."

"मुकादम, आपल्या ताईला सांग," आतून धाकटा म्हणतो, "ठेवलाय कधीचा. गार होतोय."